वडाखालचा असेंब्ली पॉइंट

“बाई, तुम्ही खाली लई बघताय. जरा वर बी बघा.”

तांबडमाळाच्या वनउद्यानाच्या फाटकाशी चांगदेव आबांनी करुणाला हे सांगितलं, तेव्हा ती वाकून मायाचा पायजमा मोज्यात खोचत होती. साप चढू नये म्हणून. त्याआधी तिनं चार वर्षांच्या त्या पोरीच्या हातापायांना डासांचं मलम चोपडलं होतं, मानेला उन्हाचं लावलं होतं आणि फाटकावरच्या या म्हाताऱ्या वनमजुराला बिबट्याबद्दल सात प्रश्न विचारून घेतले होते. शिरूर तालुक्यात राहणारी कुठली आई विचारणार नाही? वर्षभर उसातल्या बातम्या वाचून वाचून तिला दाराबाहेर खुट्ट झालं तरी आधी पोरीला पोटाशी धरायची सवय लागली होती.

“इथं कुठं उसाचं टिपरू हाय का?” आबा म्हणाले. “बिबट्या काय माळावर ऊन खायाला येतोय व्हय? आन् सापाला तुमच्यापेक्षा जास्त भ्या असतं. ते सोडा. त्यो वड दिसतोय न्हवं? त्याला आग्या बसलाय. सुपाएवढं मोहोळ हाय. त्याच्याखाली चूल पेटवायची न्हाई, सेंट मारून उभं ऱ्हायचं न्हाई, आन् कालवा करायचा न्हाई. तुमच्या सायबांना सांगा. माझं कुणी ऐकंना.”

“हो हो, आबा, सांगते,” करुणा म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. आबांच्या एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता, खिशातून बिडीचं बंडल डोकावत होतं आणि करुणा बी.एस्सी. होती. एवढंच कारण. नंतर तिनं स्वतःला बरीच सभ्य कारणं पुरवून पाहिली, पण एकही टिकलं नाही.

तो सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत करुणाचा नवरा सतीश लाइनवर ऑपरेटर होता, तिनं यंदा कामगारांच्या कुटुंबांना निसर्गाच्या सान्निध्यात न्यायचं ठरवलं होतं. परिपत्रकात शब्दच तसा होता, सान्निध्य. तीन बसमधून एकशे सेहेचाळीस माणसं न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या अंगानं निघाली आणि दौंड तालुक्यातल्या या माळावर येऊन सांडली. प्रत्येकाच्या अंगात हिरवा टीशर्ट, त्यावर झाडाचं चित्र, झाडाखाली कंपनीचं चिन्ह. टीशर्ट ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आले होते, त्या पिशव्या बसमधून उतरता उतरताच वाऱ्यानं गवतावर पसरल्या. सान्निध्याला सुरुवात झाली होती.

आता माळ म्हणजे काय, हे माळाच्या लोकांना सांगावं लागत नाही. मार्चात तिथं गुडघाभर पिवळं गवत असतं, बाभळी असतात, लांबवर एखादी हिवराची सावली असते. बघायला वेळ लागतो. गप्प बसावं लागतं. या दोन्ही गोष्टी कंपनीच्या वेळापत्रकात नव्हत्या. ‘९.४५ ते १०.३० निसर्गभ्रमण’ असं लिहिलं होतं, आणि बरोबर पावणेदहाला कुणीतरी खांद्यावरचा स्पीकर सुरू केला. जी काही हरणं पाणवठ्याजवळ होती, ती त्या गाण्याच्या पहिल्या कडव्यालाच क्षितिजापार झाली.

“इथं काहीच नाहीये राव,” एक जण म्हणाला. “नुसतंच गवत.”

“पैसे खाल्ले असतील. हरणं कागदावरच असतील,” दुसरा म्हणाला आणि त्यानं त्या नुसत्याच गवतासमोर आपले अकरा फोटो काढले.

बायकाही काही मागं नव्हत्या. कुणाच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं. ती बाई हरणाच्या बोर्डाभोवतीच गोल गोल फिरून पाच हजार पुरी करत होती. आणि करुणा? ती सगळ्यांवर मनातल्या मनात हसत होती, कारण ती सावध होती. ती मायाचा हात धरून पायवाटेच्या मधोमध चालत होती आणि प्रत्येक दगडाकडे संशयानं बघत होती.

या सगळ्यांचा राजा म्हणजे सोपानराव. कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. त्यांनी नारिंगी जाकीट घातलं होतं, गळ्यात शिट्टी होती, हातात पॅड होतं. सोपानरावांचं आयुष्यावर एकच म्हणणं होतं: संकट आलं की माणसांनी एका जागी गोळा व्हावं आणि त्यांना मोजता यावं. पुढचं संकटानं बघून घ्यावं. त्यासाठी त्यांनी कंपनीतून हिरवा फलक खास आणला होता, चार कोपऱ्यांतून मधल्या माणसांकडे धावणारे चार बाण असलेला. असेंब्ली पॉइंट. आणि अख्ख्या माळावर एकच मोठी, गार, एकशे सेहेचाळीस माणसं मावतील अशी सावली होती.

फलक वडाला बांधला गेला. चांगला सुतळीनं, तीन वेढे मारून.

“कॉन्ट्रॅक्टर, भजी इथंच काढा,” सोपानराव म्हणाले. “सावलीत. गॅसवर उन्हाचा लोड नको.”

आबा फाटकावरून तुरूतुरू चालत आले. “साहेब, हितं न्हाई. वर आग्या हाय. मघाशी त्या बाईंना सांगितलं व्हतं.”

सोपानरावांनी वर पाहिलं. दाट पानांत काही दिसलं नाही. जे दिसत नाही त्याची नोंद पॅडवर करता येत नसे. “आम्ही रिस्क असेसमेंट केलंय, मामा,” ते म्हणाले. “तुम्ही तुमचं फाटक सांभाळा.”

हे बोलणं झालं तेव्हा करुणा तिथं नव्हती. भजी तळणाऱ्या पोपटरावांनी ते तिला नंतर सांगितलं. ती तेव्हा वडापासून चांगली तीनशे पावलं लांब, मायाजवळ उकिडवी बसली होती. कारण मायाला गवतात चंडोलाचं घरटं दिसलं होतं. वाटीएवढं, जमिनीवरच, आत तीन ठिपकेदार अंडी.

“आई, झाकण नाहीये ह्याला,” माया कुजबुजली.

“हात लावू नको. जंतू असतात.”

“पक्ष्याचे जंतू?”

करुणाला उत्तर सापडेना, म्हणून ती गप्प बसली. आणि गप्प बसल्यामुळं तिला दिवसात पहिल्यांदा माळ ऐकू आला. गवताची सळसळ, दूर टिटवी. शंभर फुटांवर बाभळीआडून एक चिंकारा मादी मान वळवून या दोघींकडे बघत होती. मायाचं तोंड उघडंच राहिलं. दोन मिनिटं झाली असतील. अशी दोन मिनिटं करुणाच्या आयुष्यात बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

मग शिट्टी वाजली. तीन लांब, तीन आखूड.

तेलाचा धूर वर गेला होता. वड क्षणभर गुरगुरल्यासारखा झाला, आणि मग त्याच्यातून काळा पडदा सुटून खाली आला. कढईपाशी सहा-सात माणसं होती. बाकी सगळी, म्हणजे एकशे चाळीसच्या आसपास, माळभर विखुरलेली, लांब आणि सुरक्षित होती. त्यांनी फक्त जिथं होती तिथं राहायचं होतं. फार तर बसकडं निघून जायचं होतं.

पण रांजणगावच्या माणसाला शिट्टी कळते. दर महिन्याला मॉक ड्रिल, दर वेळी स्टॉपवॉच, उशीर करणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर. ही माणसं ढोल-ताशांत नाचत असली तरी तीन लांब, तीन आखूड ऐकल्यावर त्यांचे पाय आपोआप हिरव्या फलकाकडं वळतात. सतीशनं तर घरीही असेंब्ली पॉइंट ठरवला होता, जिन्याखालच्या मीटरजवळ. भूकंप झाला तर तिथं भेटायचं. करुणाला त्याचं फार कौतुक होतं.

तर, एकशे चाळीस माणसं चारही कोपऱ्यांतून, त्या फलकावरच्या बाणांसारखीच, मोहोळाखाली धावत आली. आणि त्यांत मायाला कडेवर घेतलेली करुणा पुढच्या चाळिसांत होती.

“रांगेत! रांगेत उभे राहा! ढकलाढकली नको!” सोपानराव ओरडत होते. कानाला एक माशी चिकटली होती, तरी पॅड सुटलं नव्हतं. “बस नंबर एक डावीकडं! हेडकाउंट होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही!”

आणि लोक उभे राहिले. थोडा वेळच, पण राहिले. माणसं गालफडांत मारून घेत होती, बायका पदरात पोरं झाकत होत्या, कुणी किंचाळत होतं, आणि तरी पाय रांगेत होते. बारा, तेरा, चौदा, मोजणी चालू होती. आजही ते आठवलं की करुणाच्या अंगावर माशांपेक्षा त्या रांगेचाच जास्त काटा येतो.

“झाडाखालून निघा! वाऱ्याच्या उलट पळा! हात मारू नका!”

पाणवठ्याच्या बाजूनं आबा येत होते. हातात पाण्यानं निथळणारं पोतं. ते सरळ करुणाच्या अंगावर आले आणि त्यांनी माया तिच्या कडेवरून ओढली.

करुणानं काय करावं? तिनं हातातली स्टीलची बाटली त्यांच्या मनगटावर हाणली. दोनदा. अनोळखी म्हातारा पोर ओढतोय म्हटल्यावर काय करायचं, ते तिनं व्हिडिओत पाहून ठेवलं होतं.

“मारा नंतर,” आबा म्हणाले. “पोरगी द्या आधी.”

डोक्याचा टॉवेल सोडून त्यांनी तो मायाच्या तोंडाभोवती गुंडाळला, वरून ओलं पोतं टाकलं आणि पोतं छातीशी धरून पळत सुटले. सत्तरीचा माणूस, तारेची चप्पल, ती तर तिथंच राहिली. करुणा मागं. फाटकाजवळची त्यांची खोली दोनशे पावलांवर होती. त्या दोनशे पावलांत आबांचं उघडं डोकं करुणाच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते डोकं काळं होत चाललं होतं. त्यांनी एकदाही हात वर नेला नाही. हात पोत्याला होते.

खोलीचं दार लागलं. आबांनी पोतं उघडलं. माया भेदरून, भिजून, पण धड होती. नांग्या फक्त तीन.

“झालं,” आबा म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मग आडवे झाले.

खिडकीच्या फटीतून करुणाला वड दिसत होता. रांग एकदाची मोडली होती. लोक बसकडं पळत होते, काही जण अजून परत फलकाकडं वळत होते.

सतीशबरोबर लाइनवर काम करणाऱ्या स्टीफनची बायको, हेलन, दौंडला नर्स होती. तिनं पुढचा तासभर सगळं हातात घेतलं. माश्या निवल्यावर ती आबांच्या खोलीत आली, तिनं पाठोपाठ पोचलेल्या सतीशच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र हिसकावलं आणि त्याच्या कडेनं नांग्या खरवडायला लागली. “चिमटीनं ओढायचं नाही, विष आणखी आत जातं,” ती म्हणाली. “बरंय, या कार्डाचा आज काहीतरी उपयोग झाला.” आबांच्या डोक्यावरून आणि मानेवरून तिनं एकशे दहापर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं.

बाकीच्यांना इंजेक्शनं देऊन संध्याकाळी घरी सोडलं. आबा सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होते. विष मूत्रपिंडावर गेलं होतं.

बाराव्या दिवशी सतीश मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. “रिपोर्ट आलाय,” तो म्हणाला. त्याचा चेहरा अजून एका बाजूनं सुजलेला होता, त्यामुळं लाज कुठली आणि सूज कुठली ते कळत नव्हतं.

कंपनीत काहीही बिघडलं की व्हाय-व्हाय करतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ कारण हाती लागतं. मशीन का थांबलं, बेअरिंग का गेलं, तेल का नव्हतं, असं. सोपानरावांनी माशांचंही तसंच केलं होतं.

माणसं का जखमी झाली? माशा चावल्या. माशा का चावल्या? झाडावर पोळं होतं. पोळ्याखाली सभा का झाली? पोळं असल्याचं ठाऊक नव्हतं. ठाऊक का नव्हतं? उद्यानाच्या वॉचमननं पूर्वसूचना दिली नाही. का दिली नाही? वॉचमन अप्रशिक्षित व वृद्ध.

मूळ कारण: वॉचमन. उपाय: वॉचमन बदलावा, असे वनखात्यास कळवले आहे. पुढील सहल हॉलमध्ये घ्यावी.

करुणानं ते दोनदा वाचलं. “हे खोटंय.”

“अगं, सोपानरावांचं म्हणणं, त्यांना कुणी असं लेखी…”

“लेखी? त्यांनी माशांना तरी लेखी कळवलं होतं का?”

“मला सांगू नको. मी काय लिहिलंय?”

“सही कुणाची आहे खाली? सुरक्षा समिती सदस्य, सतीश…”

“सगळ्यांनी केली.”

“रांगेत, ना?”

सतीशनं मोबाइल ओट्यावर उलटा ठेवला. ती पुढं बोलणार होती, पण तिची जीभ तिथंच अडली. कारण सोपानरावांना एक वेळ आठवत नसेल, पोपटराव काम जाईल या भीतीनं गप्प बसतील, पण एक माणूस होता ज्याला सकाळी साडेनऊलाच सगळं सांगितलं गेलं होतं. चूल नको, सेंट नको, कालवा नको. तुमच्या सायबांना सांगा. आणि तो माणूस हो हो म्हणाला होता. सोपानरावांनी आणखी एकदा ‘का’ विचारलं असतं तर उत्तरात तिचं नाव निघालं असतं.

आबांना त्या माळावरून हलवलं तर ते कुठं जाणार होते? मांडवगण फराट्याला पुतण्याचं घर होतं, पण तिथं त्यांचं ओझं झालं होतं म्हणूनच ते पंधरा वर्षं त्या खोलीत राहत होते. रोजंदारीवरचा माणूस. एक फोन आला की उद्यापासून येऊ नका.

ती दोन दिवस घासत राहिली. भांडी, ओटा, स्वतःला. तिसऱ्या दिवशी तिनं मायाच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडलं आणि वनअधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. वॉचमननं इशारा दिला होता. मला दिला होता. मी तो पुढं सांगितला नाही, कारण मला तो महत्त्वाचा वाटला नाही. त्यांना काढू नये. खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर, बी.एस्सी. मग तिनं बी.एस्सी. खोडलं.

एसटीनं दौंडला जाऊन तिनं ते स्वतः दिलं. टेबलामागच्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, हे तुमच्यावरच येतंय की. कशाला?”

“येऊ दे,” ती म्हणाली. “शिक्का मारा.”

तिच्यावर आलंच. सोपानरावांनी सतीशला समितीतून काढलं. कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, ‘काही जणींना माहीत होतं म्हणे’, आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं पडली. त्यातल्याच एकीनं वडाखाली अत्तराची अख्खी कुपी फवारली होती, ते सोडा. सतीश आठ दिवस जेवणाचं ताट बघून बोलायचा. नवव्या दिवशी तो पोपटरावांना घेऊन आला आणि म्हणाला, “हे पण लिहून देतायत. कढई यांचीच होती.”

आबा राहिले. फाटक, खोली, पाणवठा, सगळं त्यांचंच राहिलं. वडाच्या बऱ्याच अलीकडं आता वनखात्याचा पिवळा फलक रोवला आहे: वडाखाली थांबू नये. वडाला सोपानरावांचा हिरवा फलक अजून तसाच आहे, कारण तो सोडवायला वडाखाली जावं लागतं.

करुणा दर रविवारी सतीशच्या गाडीवर माया आणि डबा घेऊन जाते. आबा बिनमिठाचं जेवण बघून तोंड वाकडं करतात. “ह्यापरीस माश्या बऱ्या व्हत्या,” म्हणतात. मायाला ते चालायला नेतात, पाचशे पावलंसुद्धा होत नाहीत, तिथंच तासभर बसतात. दोघंही वर बघत असतात. चंडोलाची तिन्ही पिल्लं उडाली, हे मायानंच सांगितलं.

पण डॉक्टरांनी बजावलंय की मूत्रपिंड अजून पुरतं सावरलेलं नाही. पाय सुजले, तोंडावर सूज आली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. हेलननं ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं, आबांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. विचारलं तर म्हणतात, “पाय व्हय? चालून बी सुजत्यात.” म्हणून करुणा गेल्या गेल्या नमस्कार करते, पाया पडल्यासारखं करून घोट्यावर अंगठा दाबते आणि खळगा राहतो का बघते. आबांना वाटतं, पोरगी लई संस्कारी.

रविवारचं ती बघते. उरलेले सहा दिवस तिथं तुम्ही असता. चौफुल्यावरून आत वळलात की तांबडमाळाची पाटी आहे. स्पीकर आणणार असाल तर आणा, फोटोही काढा, पिशव्या टाकायच्या त्या टाकालच. तुम्हाला सुधारायची उमेद तिनं सोडली आहे. एवढंच करा. फाटकाजवळच्या खोलीत डोकवा. चांगदेव आबा म्हणून हाक मारा, पाणी मागा, आणि ते उठून माठाकडं जातील तेव्हा त्यांच्या पायांकडं बघा. घोटे दिसत नसले, किंवा हाकेला ओ आली नाही, तर तिथून हलू नका. कॅलेंडर वर उचला. खाली करुणाचा नंबर आहे. लावा.